प्रबंधासाठी जमवलेले संदर्भ सांभाळायचे कसे, आणि द्यायचे कुठल्या पद्धतीने?

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा.

मी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात चौथ्या वर्षाला आहे (नव्या धोरणातलं ऑनर्स विथ रिसर्च). विषय ठाणे खाडीतली मासेमारी आणि कोळीवाड्यांतले बदल, साधारण १९७० पासून, म्हणजे सिडको आल्यानंतरचे. प्रबंध इंग्रजीत आहे, पण निम्मे संदर्भ मराठी आहेत.

सध्या सगळं असं विखुरलंय: डाउनलोड फोल्डरमध्ये ‘१-एस२.०’ने सुरू होणाऱ्या नावांच्या पीडीएफ (आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही), व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या लिंका, ग्रंथालयात काढलेले पानांचे फोटो, आजोबांनी जपलेली वर्तमानपत्रांची कात्रणं, आणि दिवाळे व चेंदणी कोळीवाड्यातल्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज.

गाइड म्हणतात एपीए शैली वापर (मजकुरात कंसात लेखक आणि वर्ष, शेवटी यादी). विभागाने नमुना म्हणून दिलेला प्रबंध मात्र तळटिपांचा आहे. मैत्रीण म्हणते कशाला डोकं खपवतेस, एआयला सांग, यादी करून देईल. तुम्ही लोक कसं करता/करायचात?

ऐरोलीकर
झोटेरो. धागा समाप्त. 😀

खाडीकाठची
दादा, जरा विस्कटून सांगा ना.

ऐरोलीकर
ट्रान्स-हार्बरला उभ्याने टाइप करतोय, सांभाळून घे.

झोटेरो म्हणजे संदर्भ साठवून लावून देणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, २००६ पासून आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांनी सुरू केलं, त्यामुळे जुनी पुस्तकं, कागदपत्रं असल्या भानगडी त्याला कळतात. लॅपटॉपवर मूळ प्रोग्रॅम टाकायचा आणि ब्राउझरमध्ये त्याचं बटण बसवायचं. लेखाच्या पानावर असताना बटण दाबलं की लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, पानं सगळं आत येतं, पीडीएफ मिळण्यासारखी असेल तर तीही येते. तुझ्या त्या ‘१-एस२.०’ फायली नुसत्या ओढून आत टाक, बहुतेकांची माहिती तो स्वतः शोधून लावतो. ज्यांची लागणार नाही त्यांचा डीओआय नंबर (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) हाताने दे.

मग वर्डमध्ये लिहिताना त्याच्याच बटणाने संदर्भ घालायचा. शेवटची यादी आपोआप तयार होते.

फुकट खात्यात ऑनलाइन जागा ३०० एमबी आहे. पीडीएफ ठेवल्या तर लगेच भरते. पण ती मर्यादा फक्त ऑनलाइन फायलींना, लॅपटॉपवर कितीही ठेव. आणि झोटेरोचा डेटा फोल्डर उचलून गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये ठेवू नकोस, डेटाबेस बिघडतो. बॅकअप हवा तर प्रोग्रॅम बंद करून फोल्डरची प्रत काढ.

घणसोली आलं. बाकी नंतर.

लॅटेकवाला
लॅटेक (आज्ञा लिहून दस्तऐवज मांडायची प्रणाली) आणि तिचं संदर्भांचं अवजार बिबटेक. १९८५ पासून चालतंय. तुमचं वर्ड शंभराव्या पानावर मान टाकेल तेव्हा भेटू.

घोडबंदरची_काकू
@लॅटेकवाला, ती समाजशास्त्राची मुलगी आहे, तिला आधी प्रबंध लिहू दे. तुमचं लॅटेक शिकेपर्यंत खाडी बुजलेली असेल.

लॅटेकवाला
काकू 🙏 शस्त्रं खाली. पण झोटेरोतून बिबटेकची फाइल निघते बरं का. आयईईई शैलीतल्या कंसातल्या आकड्यांची सवय असलेल्या आम्हा इंजिनियरांना तेवढं पुरतं.

मेंडलेचा_जुना_गिऱ्हाईक
संदर्भांसाठी मेंडले कुणी वापरत नाही का आता? आमच्या वेळी सगळी लॅब त्यावरच होती.

ऐरोलीकर
वापरतात, चांगलं चालतं. पण २०१३ मध्ये ते एल्सव्हियरने घेतलं, आणि पुढे जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम बंद करून नवा आणला, त्यात बऱ्याच जणांची घडी विस्कटली. आपला सगळा अभ्यास कुठल्या प्रकाशकाच्या कपाटात ठेवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. एंडनोट विकत घ्यावं लागतं, विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये.

जुनी_कार्डे
तुम्ही सगळे अवजारांवर बोलताय. मी पीएचडी केली तेव्हा पाच बाय तीन इंचाची कार्डं होती, वाणसामानाच्या खोक्यात लावलेली. एका कार्डावर एकच मुद्दा, वरच्या कोपऱ्यात लेखक आणि पान क्रमांक. अवतरण असेल तर अवतरणचिन्हं तिथेच, त्याच क्षणी. स्वतःचं मत लिहायचं तर वेगळ्या शाईने. ही शेवटची गोष्ट आजही कुठलं सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करून देत नाही. आठ महिन्यांनी टिपण उघडल्यावर हे वाक्य माझं की लेखकाचं, हे कळत नाही, आणि वाङ्मयचौर्याची निम्मी प्रकरणं तिथे सुरू होतात. चोरी करायला कुणी बसलेलं नसतं, टिपण आळशी असतं.

तेव्हा मुली, झोटेरो घे नाहीतर वही घे. वाचताना पान क्रमांक टिपलास की नाही, ते आधी सांग.

खाडीकाठची
सर, पीडीएफवाल्यांचे आहेत. फोटो काढलेल्या पुस्तकांत काही पानांवर नंबर दिसतोय, काहींवर फोटोत कापला गेलाय. 🙈

तिसरा_मजला
मी ठाण्यात ग्रंथपाल आहे. हा कापलेला पान क्रमांक दर वर्षी मे महिन्यात माझ्या टेबलावर येतो. पुस्तकाचं नाव आठवत नाही, “निळं कव्हर होतं मॅडम.”

पुस्तकाचे फोटो काढताना पहिला फोटो आतल्या शीर्षकपानाचा. दुसरा त्याच्या मागच्या पानाचा, जिथे प्रकाशक, आवृत्ती, वर्ष असतं. मग हवी ती पानं, चारही कोपरे येतील अशी. पहिली आवृत्ती कधीची आणि आपल्या हातातली कितवी, हे मराठी पुस्तकांत त्या मागच्या पानावरच कळतं, मुखपृष्ठावर नाही. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, त्यामुळे झोटेरोत नंबर टाकून ती सापडणार नाहीत. हाताने भरायची.

गूगल स्कॉलरखाली जे ‘साइट’चं बटण असतं त्यातून आयतं उचलून चिकटवू नकोस. कधी लेखकाचं नाव उलटं येतं, कधी अंक गायब असतो, कधी पुस्तकातलं प्रकरण म्हणजे अख्खं पुस्तक होऊन बसतं. झोटेरोत आपोआप आलेली माहितीही एकदा मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून बघ. मराठी नावांत आडनाव आणि नाव हमखास उलटसुलट होतं.

तुझ्या विषयाला तू ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर वापरणारच. १८८२ चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड, दोन भागांत. स्थळांची माहिती चौदाव्या खंडात. मुलं हे तिसऱ्याच कुणाच्या लेखातून उचलतात आणि यादीत मात्र थेट गॅझेटियर लिहितात. तू मूळ पान उघडलं असशील तरच मूळ लिही. नाहीतर एपीएत सरळ सांगायचं की अमक्याच्या लेखात उद्धृत, आणि यादीत त्या अमक्याचा लेख. मूळ मिळवणं अवघडही नाही, डिजिटल प्रत उपलब्ध आहे. पुनर्मुद्रण वापरलंस तर दोन्ही वर्षं दे, आधी मूळ, मग तिरकी रेघ, मग पुनर्मुद्रणाचं. आणि जिल्ह्याचं नाव त्यावर जसं छापलंय, ‘ठाणा’, तसंच ठेव. दुरुस्त करू नकोस.

चेंदणी_बंदर
@तिसरा मजला, वाचनखूण साठवली. जाता जाता, नगर वाचन मंदिर की मराठी ग्रंथ संग्रहालय?

तिसरा_मजला
ते गुपित. पण मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे, ठाणेकरांनी तिथे जायला कुणी सांगावं लागू नये. कोळीवाड्यांवरची जुनी मराठी पुस्तकं, स्मरणिका शोधायच्या तर सुरुवात तिथून करावी.

घोडबंदरची_काकू
आणि येताना मामलेदार मिसळ.

चेंदणी_बंदर
काकू, ती तिखट खाऊन वाचायला बसलं की डोळ्यांत पाणी, गॅझेटियर दिसेनासं होतं.

ऐरोलीकर
मध्यम सांगायची.

घोडबंदरची_काकू
ठाणेकर असून मध्यम?

ऐरोलीकर
आयडी वाचा काकू. आम्ही खाडीपलीकडचे.

काळा_कोट
मिसळ थांबवून एक सांगतो, कारण त्या मैत्रिणीच्या सल्ल्यावर कुणीच बोललं नाही. एआयकडून संदर्भयादी करून घेऊ नकोस. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे जोडले. त्यातले बरेचसे अस्तित्वातच नव्हते. पक्षकारांची नावं, क्रमांक, आतली अवतरणं, सगळं रचलेलं. पाच हजार डॉलर दंड झाला आणि जगभर नाव झालं ते वेगळंच. कॉलेजच्या प्रबंधात दंड नसेल, पण तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक ‘हा लेख दाखवा’ म्हणाले तर काय दाखवशील?

नुकताच_सुटलेला
काका, थोडी असहमती. एआयला ‘संदर्भ शोधून दे’ सांगणं आणि ‘हे माझे संदर्भ, एपीएत लावून दे’ सांगणं यात फरक आहे. दुसरं काम तो बरं करतो.

तिसरा_मजला
बरं करतो म्हणजे दहात नऊ बरोबर करतो, आणि दहाव्यात नसलेला डीओआय बेमालूम भरतो. कुठला दहावा ते शोधायला दहाही तपासावे लागतात. तेच काम झोटेरो ठरलेल्या नियमाने करतो, मनाचं काही घालत नाही. काहीही वापरा, यादीतला प्रत्येक डीओआय एकदा क्लिक करून बघा.

पॅथॉलॉजीचा_डबा
झोटेरोची अजून एक सोय. जर्नलने मागे घेतलेला लेख तुमच्या संग्रहात असेल तर तो लाल पट्टी दाखवतो, २०१९ पासून. लस आणि ऑटिझमचा तो १९९८ चा लॅन्सेटमधला लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी लोक अजून पुरावा म्हणून फिरवतात.

कोकणी_फणस
मूळ प्रश्न बाजूला ठेवून एक विचारू का? मराठी पुस्तकाचं नाव इंग्रजी प्रबंधात रोमन लिपीत का लिहायचं? देवनागरीत लिहिलं तर परीक्षकांना चावतं?

तिसरा_मजला
एपीएचा नियम तसा आहे: नाव रोमन लिप्यंतरात, पुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ. यादी रोमन वर्णक्रमाने लावायची असते, हे व्यवहारी कारण.

कोकणी_फणस
म्हणजे ‘ळ’ आणि ‘ल’ एकच. उद्या कुणी ते पुस्तक शोधायला गेला तर कॅटलॉगमध्ये सापडेल?

जुनी_कार्डे
फणसराव बरोबर बोलतायत. संदर्भ कशासाठी देतात? वाचणाऱ्याने उठून ते पान उघडावं म्हणून. लिप्यंतराने वाट बुजत असेल तर नियम पाळून उपयोग काय?

तिसरा_मजला
सर, पटतं. पण विद्यार्थिनीला गुण नियमाचे मिळणार. मध्यम मार्ग म्हणजे यादीत एपीएप्रमाणे लिहावं आणि मागे एक परिशिष्ट जोडून मराठी साधनं देवनागरीत द्यावीत. गाइडना आधी विचारून घे. झोटेरोत ‘एक्स्ट्रा’ नावाचा रकाना असतो, देवनागरी नाव आत्ताच तिथे टाकून ठेव, मग परिशिष्ट करताना पुन्हा शोधाशोध नको.

कोकणी_फणस
हे मान्य. (इतक्या लवकर मान्य करायची सवय नाही, पण असो.)

आकडेमोड
विषय कोळीवाड्यांचा आहे म्हणून लिहितो. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा म्हणजे १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा, पालघरसकटचा. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. बातम्यांत हा आकडा आजच्या ठाणे जिल्ह्याचा म्हणून सर्रास येतो. संदर्भ एपीएत अचूक असेल, स्वल्पविराम जागच्या जागी असतील, तरी विधान चुकीचं. आणि तुझा अभ्यास १९७० पासूनचा, म्हणजे ठाणे महापालिका (१९८२) आणि नवी मुंबई महापालिका (१९९२) दोन्ही त्यानंतरच्या. जुन्या तक्त्यांत गावं स्वतंत्र दिसतील. प्रत्येक आकड्यापुढे ‘कुठल्या हद्दीचा’ हे टिपून ठेव.

पाणथळ
त्याला जोडून. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ ची, रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) २०२२ चा. दोन्हीसाठी वर्तमानपत्राची बातमी देऊ नकोस. पहिल्याला शासनाची अधिसूचना, दुसऱ्याला रामसरच्या स्थळावरची नोंद. बातमी द्यायची ती लोक काय म्हणाले यासाठी.

आणि सरकारी संकेतस्थळांच्या लिंका मरतात. आज दिसतंय ते पान लगेच वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांच्या प्रती जपणारं स्थळ) साठव आणि तो पत्ता झोटेरोत ठेव.

खाडीकाठची
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, आज संध्याकाळी झोटेरो टाकलं. बऱ्याचशा पीडीएफना खरोखर नावं मिळाली. ❤️

आता अडलेलं सांगते. कात्रणांवर तारखाच नाहीत, आजोबांनी बातमी तेवढी कापली आहे. आणि मुलाखती कशा द्यायच्या?

चेंदणी_बंदर
कात्रण उलटं करून बघ. मागे सिनेमाची जाहिरात, क्रिकेटचा धावफलक, बाजारभाव, काहीतरी असतंच. त्यावरून आठवडा ठरतो. मग ग्रंथालयात त्या दैनिकाची फाइल काढून खरी तारीख आणि पान मिळव. नाहीच मिळालं तर ‘तारीख नाही’ असं लिही, अंदाजाने वर्ष ठोकू नकोस.

नुकताच_सुटलेला
मुलाखती ‘पर्सनल कम्युनिकेशन’. मजकुरात कंसात, यादीत नाही. मी तसंच केलं होतं.

तिसरा_मजला
ते ईमेल, फोन, गप्पा यांच्यासाठी. स्वतःच्या संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती ही तुझी सामग्री असते. एपीएत त्यांना संदर्भ म्हणून देत नाहीत. पद्धतीच्या प्रकरणात किती, कुठे, कधी घेतल्या ते लिहायचं आणि मजकुरात ‘मुलाखत ४, दिवाळे, मासेविक्रेती’ असं काही.

जुनी_कार्डे
इतिहासात आम्ही उलट करतो. मौखिक इतिहासात माणसाचं नाव, गाव, तारीख तळटिपेत येतं, अर्थात लेखी संमती घेऊन. खाडीत चाळीस वर्षं जाळं टाकलेल्या माणसाला ‘मुलाखत ४’ म्हणणं मला पटत नाही.

पाणथळ
सर, पण जमिनीच्या मोबदल्यावर किंवा सोसायटीतल्या भांडणावर बोललेल्या माणसाचं नाव छापलं तर त्रास त्यालाच होतो.

जुनी_कार्डे
खरंय. मग त्यालाच विचारावं, नाव हवं की नको. काहींना हवं असतं.

खाडीकाठची
चेंदणीतल्या एका आजींनी स्वतःहून सांगितलं होतं, माझं नाव पूर्ण लिही म्हणून. विचारते बाकीच्यांना.

नुकताच_सुटलेला
वाङ्मयचौर्य तपासणीतलं साम्याचं प्रमाण पण सांगा कुणीतरी तिला, तिच्याही कॉलेजात शेवटच्या दिवशी घबराट होईल.

तिसरा_मजला
यूजीसीची २०१८ ची नियमावली: १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. १० ते ४० ला दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा सादर. ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजायची नसतात. तेव्हा अहवालात आकडा मोठा दिसला तर आधी बघ की हे सगळं वगळलंय का. यादी धरून मोजलं की आकडा फुगतोच.

मेंडलेचा_जुना_गिऱ्हाईक
आणि पैसे मागणारे लेख? ती सरकारने नियतकालिकांची वर्गणी भरायची ‘एक देश एक सदस्यत्व’ योजना आलीय ना आता?

तिसरा_मजला
१ जानेवारी २०२५ पासून. तीन वर्षांना सहा हजार कोटी, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. पण सुरुवात सरकारी संस्थांपासून झाली. कॉलेज खासगी असेल तर आधी स्वतःच्या ग्रंथपालांना विचार. नाहीतर अनपेवॉल ब्राउझरमध्ये टाक, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर दाखवतो. तेही नाही तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल. बरेच जण आनंदाने पाठवतात, कुणी वाचतंय याचंच अप्रूप.

खाडीकाठची
गाइडशी बोलले. ते एपीएवर ठाम, विभागप्रमुख तळटिपांवर ठाम. दोघं आपसात ठरवून मला कळवणार आहेत. 😐

ऐरोलीकर
ठरवू दे त्यांना निवांत. तू एपीएत लिहीत राहा. झोटेरोच्या ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन शिकागोची तळटिपांची शैली निवडली की कंसातले संदर्भ तळटिपांत जातात. फाइलची प्रत काढून त्या प्रतीवर करून बघ. पान क्रमांक मात्र संदर्भ घालतानाच त्याच्या खिडकीत भर, हाताने कंसात टाइप केलास तर पुढच्या बदलात उडेल.

लॅटेकवाला
लॅटेकमध्ये एक ओळ बदलली की

घोडबंदरची_काकू
नको.

खाडीकाठची
😂 एक शेवटची शंका. मच्छीमार सोसायटीचा एक जुना अहवाल मिळालाय. त्यावर इंग्रजी साल नाहीच, फक्त ‘शके १८९२’. १९७० लिहू ना?

जुनी_कार्डे
महिना दिलाय का? शकात ७८ मिळवतात, पण माघ-फाल्गुन असेल तर ७९.

खाडीकाठची
शेवटच्या पानावर, अध्यक्षांच्या सहीखाली ‘फाल्गुन’ आहे.

जुनी_कार्डे
मग १९७१. मूळ शक ‘एक्स्ट्रा’मध्ये लिहून ठेव. आणि सिडकोची स्थापना मार्च १९७० ची, म्हणजे हा तिच्या पहिल्या वर्षातला अहवाल झाला. तुझ्या अभ्यासाची सुरुवातच तिथून आहे, तेव्हा तो पूर्ण स्कॅन कर, नुसते फोटो नकोत.

चेंदणी_बंदर
चारही कोपरे येतील असा.